आवाज, पा. (१९९७)

चेन्नईजवळच्या आवडी गावचे निवृत्त तपासनीस राणोजीराव यांना वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तांबरमच्या एका कॉलेजाने लोकप्रिय ठरवले. तसे लेखी पत्रच आले. पत्र नात भव्याच्या नावे होते, खाली पिवळा शिक्का होता, आणि मजकूर असा होता: "आपल्या प्रबंधातील स्रोत क्र. ७ (आजोबा) तपासणीअंती लोकप्रिय आढळला असून विद्वत्स्रोतांत धरता येत नाही."

राणोजीरावांनी पत्र तीनदा वाचले. लोकप्रिय असल्याचा आळ त्यांच्यावर यापूर्वी कोणी घेतला नव्हता. छत्तीस वर्षे त्यांनी आवडीच्या संरक्षण कारखान्यात तयार माल तपासला होता. वीस माणसांनी घाम गाळून केलेला भाग केसभर जाड निघाला की ते तो शांतपणे बाजूला काढत आणि पुढचा घेत. जेवणाच्या सुट्टीत ते ज्या बाकावर बसत तो बाक आपोआप मोकळा होई. घरीही तोच खाक्या. लग्नाच्या वाढदिवसाला सईबाईंच्या भावाने आणलेला कुकर त्यांनी शिक्का दिसत नाही म्हणून परत पाठवला होता. पुढे शिक्का बुडाला सापडला, पण तोवर भाऊ यायचा बंद झाला होता.

तेव्हा तपासणी या गोष्टीबद्दल त्यांची तक्रार असण्याचे कारण नव्हते. उलट कॉलेजात अशी काही व्यवस्था आहे हे कळून त्यांना बरेच वाटले. तक्रार एवढीच होती की यावेळी बाजूला काढलेला भाग ते स्वतः होते.

भव्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. रोज आवडीहून लोकल, सेंट्रलला उतरून रस्ता ओलांडून पार्क स्टेशन, तिथून दुसरी लोकल तांबरमला. या प्रवासात तिने "आवडीच्या क्वार्टर्समधील तंजावर मराठी कुटुंबांचे सण" हा प्रबंध लिहून काढला होता. इंग्रजीत, अर्थात. मराठी ती घरी बोले, पण देवनागरी वाचताना अक्षराअक्षराला ठेचकाळे. प्रबंध महिनाअखेर द्यायचा होता. कॉलेजाच्या स्रोत वर्गीकरण कक्षाचा नियम असा, की सत्तर टक्के स्रोत विद्वत्तेचे, म्हणजे निळ्या शिक्क्याचे असले पाहिजेत. भव्याला एक निळा शिक्का कमी पडत होता. तो मिळाला नाही तर वर्ष जाणार होते.

आणि ज्या प्रकरणासाठी आजोबा हा स्रोत लागत होता, ते प्रकरण तिच्या आजीचे होते.

हकीकत साधी होती. त्र्याऐंशी साली क्वार्टरच्या पुढल्या दाराची कडी मोडली. राणोजीरावांनी देखभाल विभागाकडे रीतसर अर्ज केला, त्यामुळे ती दोन वर्षे मोडलेलीच राहिली. गौरीच्या दिवशी हळदकुंकवाला बायका येत-जात होत्या, वाऱ्याने दार धाडधाड आपटत होते आणि गौरीपुढला दिवा दोनदा विझला. सईबाईंनी पाट्यावरचा वरवंटा उचलून आणला आणि दाराला टेकून उभा केला. पुढे जे झाले त्यात सईबाईंचा काही दोष नाही. मराठी बाईला सणाच्या दिवशी उंबरठ्याशी उभा दगड दिसला तर ती चौकशी करत बसत नाही. पहिल्या पाहुणीने वाकून वरवंट्याला हळदकुंकू लावले. दुसरीने पहिलीच्या बोटांचे ठसे पाहून लावले. सहावी घरी जाऊन सासूशी भांडली, की आपल्याकडे हे का करत नाहीत.

पुढल्या वर्षी अकरा घरांत दाराशी वरवंटा होता, त्याच्या पुढल्या वर्षी एकोणतीस. मग कडी दुरुस्त झाली, पण तोवर वरवंटा उचलण्याची कोणाची छाती नव्हती. सईबाई दर गौरीला पदर तोंडावर धरून हसत. अकरा वर्षांपूर्वी त्या गेल्या, तेव्हा समाचाराला आलेल्या एका बाईने राणोजीरावांना विचारले होते, की यंदा सुतकात वरवंटा मांडावा की नाही.

भव्याने हे सगळे आजीच्या नावानिशी लिहिले होते. कक्षाने त्यावर शेरा मारला: "स्रोत क्र. २ शी विसंगत." स्रोत क्रमांक दोन म्हणजे तिच्याच विभागाचे प्रमुख डॉ. श्रीवत्स यांचा गाजलेला लेख. त्यात वरवंटा हा तंजावरच्या किल्ल्याच्या दरवाजावरील राखणीचा अवशेष असून, राज्य गेल्यावर सार्वभौमत्व उंबरठ्यावर कसे उभे राहिले याचे विवेचन एकतीस पानांत केले होते. लेखाचा त्रेचाळीस ठिकाणी आधार घेतला गेला होता. कॉलेजात दरवर्षी वरवंटा दिन साजरा होई.

भव्याने लेखाचा सारांश सांगितला तेव्हा राणोजीराव पोट धरून हसले.

"कुठल्या गाढवानें सांगितलें त्याला हें?" त्यांनी विचारले.

भव्या म्हणाली, मी लेखाचा मजकूर वाचला, तळटीपा कोणी वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबा आणि नात मिळून कक्षात गेले. राणोजीरावांनी पिशवीतून तो वरवंटाच आणला होता. हातच्या काकणाला आरसा कशाला, असा त्यांचा हिशेब. सोबत देखभाल विभागाला केलेल्या अर्जाची प्रतही होती, कारण त्यांनी आयुष्यात कुठल्याही अर्जाची प्रत टाकली नव्हती.

कक्षाच्या समन्वयक देविका नाशिकच्या होत्या. नवरा इरुंगाट्टुकोट्टैच्या मोटारींच्या कारखान्यात लागला म्हणून त्या चेन्नईत आलेल्या. मराठी ऐकून त्यांना भरून आले. त्यांनी दोघांना बसवले, कॉफी मागवली आणि नमुना स-४ पुढे ठेवला. स्रोताला दहा प्रश्न. लेखकाच्या नावामागे डॉक्टर आहे का? तळटीपा आहेत का? रंगीत चित्रे असल्यास गुण वजा. शेजारी जाहिरात असल्यास वजा. प्रश्न नववा: सामान्य माणसास पहिल्या वाचनात अर्थ कळतो का? कळत असल्यास दोन गुण वजा.

देविकांनी फॉर्म प्रामाणिकपणे वाचून दाखवला. राणोजीरावांना दहापैकी शून्य होते. नवव्या प्रश्नामुळे खरे तर उणे दोन, पण ज्येष्ठ नागरिक म्हणून त्यांनी ते शून्यावर आणले होते.

राणोजीरावांनी विचारले, की मग निळा कोणाला मिळतो. देविका जरा अवघडल्या. गेल्या महिन्यात कोणा वात्रट विद्यार्थ्याने कपडे धुण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका स्रोत म्हणून भरली होती. तिला आठ गुण पडले. आकृत्या काळ्यापांढऱ्या होत्या, तळटीपा भरपूर होत्या, आणि अर्थ कोणालाच कळला नव्हता. त्याउलट एका खऱ्याखुऱ्या इतिहासकाराचा रविवार पुरवणीतला लेख पिवळा ठरला, कारण शेजारी पलंगांची जाहिरात होती.

"आजोबा, मला कळतं सगळं," देविका म्हणाल्या. "पण मी कळणाऱ्या माणसाच्या जागेवर नाही. मी फॉर्मच्या जागेवर आहे."

हे वाक्य राणोजीरावांना फार ओळखीचे वाटले. कारखान्यात ते स्वतः हेच म्हणत, फक्त हातात फॉर्मऐवजी मापपट्टी असे. त्यांनी मान डोलावली आणि विचारले, की लोकप्रिय माणसाला विद्वान व्हायचे असेल तर मार्ग कोणता. मार्ग एकच होता: मान्यताप्राप्त नियतकालिकात लेख. लेख समकक्ष तज्ज्ञाकडे तपासायला जातो आणि पास झाला की निळा शिक्का. नियतकालिक कॉलेजाचेच होते, त्यामुळे निकाल लवकर लागण्याची आशा होती.

राणोजीरावांनी त्याच दिवशी लेख लिहिला. शीर्षक "कडी". मजकूर दीड पान. भव्याने त्याचे इंग्रजी केले, वर सारांश चिकटवला आणि आजोबांच्या प्रत्येक वाक्यामागे एक तळटीप लावली. लेख समकक्ष तज्ज्ञाकडे गेला. आता दाराशी मांडलेल्या वरवंट्यावर अख्ख्या देशात तज्ज्ञ एकच. लेख डॉ. श्रीवत्सांकडे गेला.

चौथ्या दिवशी अभिप्राय आला. तज्ज्ञाचे नाव गुप्त होते, पण खाली चुकून विभागाचा शिक्का पडला होता. अभिप्रायात म्हटले होते, की लेखकाचा घटनेशी आणि विशेषतः घटनेतील स्त्रीशी कौटुंबिक संबंध असल्याने लेखन वस्तुनिष्ठ नाही. लेखकाने प्रत्यक्ष क्षेत्रकार्य केलेले दिसत नाही. लेखकाने निदान आवडीतील एखाद्या जुन्या रहिवाशाची मुलाखत घ्यावी. या संदर्भात श्रीवत्स यांच्या लेखातील तळटीप चौदा पाहावी.

भव्याने तळटीप चौदा काढली आणि मोठ्याने वाचली. वाचता वाचता तिचा आवाज खाली आला. "माहितीदाता: राणोजी, आवडी. प्रत्यक्ष मुलाखत, १९९७."

गाढव सापडले होते.

राणोजीरावांना तो रविवार आठवला. खरे तर ते तो कधी विसरलेच नव्हते. फक्त आठवायचे टाळत होते. विद्यापीठातून एक तरुण टेपरेकॉर्डर घेऊन आला होता, वरवंट्यामागचा अर्थ विचारत. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, आणि विद्यापीठातून आलेल्या माणसाला मोडकी कडी सांगायची राणोजीरावांना लाज वाटली. बाहेर लोक त्यांना तपासनीस म्हणून घाबरत, पण त्यांना "तुमचे मत काय" असे आजवर कोणी विचारले नव्हते. त्यांनी किल्ला सांगितला, राजे सांगितले, पहारेकरी सांगितले. आणखी एक टेप असती तर हत्तीही सांगितला असता. आतून सईबाई काहीतरी म्हणाल्या होत्या. काय म्हणाल्या ते त्यांनी ऐकले होते, आणि काय उत्तर दिले तेही त्यांना पाठ होते. ते मात्र त्यांनी भव्याला सांगितले नाही.

"उद्यां मी येतों कॉलेजांत," एवढेच म्हणाले. "खोटें माझें आहे. मीच काढतों."

डॉ. श्रीवत्सांनी त्यांना ओळखले. उठून उभे राहिले, मामा म्हणाले, खुर्ची दिली. टेबलावर गेल्या वरवंटा दिनाचे मानचिन्ह होते: लाकडी पायावर छोटा पितळी वरवंटा. देविकाही फाइल घेऊन आल्या होत्या, कारण स्रोताने स्वतःविरुद्ध अर्ज करण्याचा प्रसंग कक्षाच्या इतिहासात पहिलाच होता.

राणोजीरावांनी आडपडदा न ठेवता सांगितले: किल्ला खोटा, राजे खोटे, कडी खरी. वरवंटा सईबाईने ठेवला.

डॉ. श्रीवत्सांनी शांतपणे ऐकून घेतले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांची डॉक्टरेट, बढती आणि जावई हे तिन्ही त्या वरवंट्यातून आले होते, एवढेच.

"मामा, सत्त्याण्णव साली तुम्ही पन्नासचे होता," ते म्हणाले. "स्मरण ताजं होतं. ते राणोजीराव प्रकाशित आहेत, त्यांचा आधार त्रेचाळीस जणांनी घेतलाय. आजचे राणोजीराव अप्रकाशित. दोघांत विरोध आला तर मला नियमानं त्यांची बाजू घ्यावी लागते."

"पण ते मीच नव्हे कां?"

"म्हणूनच. स्वतःबद्दल बोलणारा माणूस तटस्थ नसतो."

राणोजीराव क्षणभर चरकले. युक्तिवाद त्यांना चुकीचा वाटला नाही, ही त्यातली भयंकर गोष्ट होती. त्यांनी पिशवीवर हात ठेवला. वरवंटा आत होता.

"सरी, बरें तर," ते म्हणाले. "मला खोटा म्हणा, वेडा म्हणा. पण पोरीचें वर्ष जातें. आणि माझ्या बायकोचें नांव राहून गेलें. जें केलें तें हिनें केलें. तेवढें नांव एक घाला."

डॉ. श्रीवत्स खरोखर हळहळले. म्हणाले, मामींच्या हातची कॉफी मला अजून आठवते, पण नाव घालायला स्रोत लागतो.

तेवढ्यात देविका खाकरल्या. तळटीप चौदातली मुलाखत पडताळायची म्हणून त्यांनी ग्रंथालयातून, ज्यावरून तो लेख झाला तो सरांचा मूळ प्रबंध आणला होता. त्याच्या शेवटी परिशिष्ट तीन होते: टेपवरून शब्दशः उतरवलेली मुलाखत, मूळ मराठीत. परीक्षकांना देवनागरी मराठी येत नव्हती, त्यामुळे त्यांनी परिशिष्ट अत्यंत सखोल असल्याचा शेरा दिला होता. अठ्ठावीस वर्षांत ते कोणी वाचले नव्हते. देविकांना मराठी येत होती, आणि आलेला कागद वाचायची वाईट सवयही होती.

"पृष्ठ तीनशे बारा," त्या म्हणाल्या आणि वाचू लागल्या.

"प्रश्न: पण यामागचा अर्थ काय? उत्तर: राजांच्या वेळेपासून असेल. किल्ल्याच्या दाराची राखण म्हणून. कंसात, पार्श्वभूमीचा आवाज, विषयाशी असंबद्ध: अहो, कडी मोडली म्हणून मी ठेविला तो, सांगा की तें. कंस पूर्ण. उत्तर: तिकडे लक्ष देऊं नका. तिला काय कळतें."

भव्या आजोबांकडे पाहत होती. राणोजीरावांना आपली मान वर करता येईना. डॉक्टरांनी, कक्षाने, नमुना स-४ ने जे केले, ते सगळे त्यांच्या नंतर केले होते. सईबाईंवर पिवळा शिक्का पहिल्यांदा त्यांनी मारला होता, तोही स्वतःच्या घरात, कॉफीचा पेला हातात असताना. त्यांना रडू आले आणि त्यांनी ते लपवले नाही.

देविकांनी त्यांना थोडा वेळ दिला, मग फॉर्म उघडला. सरांच्या प्रबंधाला दहापैकी दहा होते. नियम अकरा: शिक्का संपूर्ण ग्रंथास लागू राहील. म्हणजे पृष्ठ तीनशे बाराही निळे. म्हणजे कंसातला आवाजही विद्वान. डॉ. श्रीवत्सांनी फाइल स्वतःकडे ओढून नियम अकरा पुन्हा वाचला. तीनशे बारा नाकारायचे तर तीनशे अकराही नाकारावे लागत होते, आणि त्याच्या मागे उरलेली तीनशे दहा पाने रांगेत उभी होती.

भव्याला निळा शिक्का मिळाला. आता प्रश्न फक्त लेखकाचे नाव या रकान्याचा. भव्याने सईबाई लिहिले. संगणकाने ते परत केले, कारण त्या पानावर सईबाई हे नाव छापलेले नव्हते. छापलेला होता तो "पार्श्वभूमीचा आवाज", तोच घालायचा, आणि आडनाव आधी. देविकांनी नाइलाजाने भरले: आवाज, पा. (१९९७). या वेळी हिरवी खूण आली.

प्रबंध मुदतीत गेला आणि भव्या पहिल्या वर्गात पास झाली. पुढची प्रगती व्यवस्थेला साजेशी झाली. वर्षभरात पा. आवाज यांचा आधार सात ठिकाणी घेण्यात आला. एका विद्वानाने "श्री. आवाज यांचे हे मत धाडसी असले तरी त्यांना घरगुती बाबींचा अनुभव कितपत होता याची शंका वाटते" असे लिहिले. डॉ. श्रीवत्सांनी नवा लेख सिद्ध केला: किल्ल्याला कडी होती, ती मोडली, आणि राज्य गेले. पा. आवाज यांना चर्चासत्राचे निमंत्रणही आले, आवडीच्या पत्त्यावर. राणोजीरावांनी ते सईबाईंच्या फोटोखाली ठेवले. नाव चुकले होते, पण पत्ता बरोबर होता.

यंदा गौरीला त्यांनी वरवंटा स्वतः मांडला. येणाऱ्या प्रत्येकीला थांबवून ते सांगत राहिले: कडी मोडली होती, म्हणून माझ्या बायकोने ठेवला, तिचे नाव सईबाई. बायका मान डोलावत, हळदकुंकू लावत आणि बाहेर पडल्यावर एकमेकींना म्हणत, की मामी गेल्यापासून मामांचे जरा तसेच झाले आहे. खरे काय ते लेखात आहेच.

आता राहिलात तुम्ही. या कथेला तळटीप नाही आणि ती तुम्हाला पहिल्या वाचनात कळली, तेव्हा नववा प्रश्न पाहता तिच्यावर विश्वास ठेवण्याचे तुमच्यावर बंधन नाही. मात्र नोंद पुरी करण्यासाठी एक रकाना भरून द्या. तुम्ही हे वाचत असताना आतून कोणीतरी तुम्हाला दोनदा काहीतरी सांगितले. तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. काय सांगितले होते?